हजेरीबुकातलं नाव

(१२ जानेवारी, बाबू हरदास स्मृतिदिन. नागपुरातल्या युवकांच्या सभेत केलेलं भाषण, बोललं तसंच.)

भावांनो, बहिणींनो, जयभीम.

मी जयभीम म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी जयभीम म्हणून परत दिलं. हा शब्द ज्यांनी आपल्या तोंडात घातला ते इथलेच, कामठी रोडने सरळ गेलं की लागते त्या कामठीचे. बाबू हरदास. हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म ६ जानेवारी १९०४, मरण १२ जानेवारी १९३९. क्षयानं गेले. पस्तीस पुरी होऊन सहा दिवस झाले होते फक्त.

शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. शब्द देणारा माणूस बिडी मजुरांचा पुढारी होता हे मात्र कुठल्या बॅनरवर लिहिलेलं दिसत नाही. बॅनरवर बाबू हरदासांचा फोटो असतो, त्याच्या दुप्पट फोटो शुभेच्छुकाचा असतो, आणि खाली बारीक अक्षरात विनम्र अभिवादन. झालं. वर्षाचं काम संपलं.

संयोजकांनी मला विषय दिला, कामगारांसाठी मेलेले पुढारी. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो. मॅट्रिक झालो, पुढं कॉलेज जमलं नाही. कविता करतो. घर इंदोऱ्याचं, आजी कामठीची. प्राध्यापकासारखं बोलणं मला जमणार नाही. पाळी सुटल्यावर दोन गडी बोलतात तसं बोलतो, चालवून घ्या.

आधी एक हिशेब करू. हुतात्मा कोणाला म्हणायचं? गोळी लागली, फासावर गेला, तर हुतात्मा. त्याचा चौक होतो, पुतळा होतो, तारीख कॅलेंडरवर येते. आणि जो माणूस वीस वर्षं कामगारांच्या खोल्यांतून फिरून, उपाशीतापाशी सभा घेऊन, खोकून खोकून मेला, त्याचं काय? त्याचं 'अल्पशा आजाराने निधन'. साला, आजार अल्पसा कसा? आजार तर पिढ्यान् पिढ्यांचा आहे.

नारायण मेघाजी लोखंडे घ्या. जोतिबांचे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारला द्यायच्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या गोळा केल्या. ५,५००! माईक नाही, मोबाईल नाही. मागण्या बघा: आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईस्तोवर पगार. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज रविवारी मटण शिजतं त्या प्रत्येक घरात लोखंड्यांचा फोटो पाहिजे. पण फोटो सोडा. १८९७ साली मुंबईत प्लेगची साथ होती. ज्यांना पळता आलं ते पळाले. लोखंडे रोग्यांमध्ये राहिले आणि ९ फेब्रुवारीला प्लेगनंच गेले. महिन्याभरानं, १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई गेल्या, त्याच साथीत, रोग्यांची सेवा करताना. यांना गोळी कोणी मारली नाही. म्हणून काय यांचं मरण कामगाराचं नाही?

आता बाबू हरदासांकडे येतो. त्यांचं काम कळायला बिडी कशी होते ते माहीत पाहिजे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आज्यांनी बिड्या वळल्या असतील, पण आज्या हे सांगत नाहीत आणि नातू विचारत नाहीत.

माझी आजी वळायची. तेंदूचं पान भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं. मऊ झालं की पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूट भरायची, पान वळायचं, तोंड दुमडून बंद करायचं, दोरा मारायचा. अशा हजार झाल्या की मजुरी. मजुरी हजारावर. मग ठेकेदाराचा माणूस मोजायला बसणार. मूठ भरून बाजूला काढणार: ही सैल, ही बारीक, ही फुटली. याला म्हणायचं छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट काढलेली बिडी परतही नाही. पान कमी पडलं तर तेही आजीच्या मजुरीतून. आजी घरी येऊन म्हणायची, "म्या हजार मोजले बाप्पा, तो म्हन्ते नऊशे." वही त्याची, पेन त्याचं, आजीचा फक्त अंगठा. आणि तंबाखूची धूळ बारा महिने छातीत.

हरदासांनी हेच पाहिलं. बिडी मजुरांची संघटना बांधली. मधला ठेकेदार काढून टाकायचा तर काम सहकारी तत्त्वावर झालं पाहिजे, म्हणून नागपूर-रामटेक भागात तो प्रयत्नही केला. १९२७ साली कामठीत रात्रशाळा काढली, पोरांसाठी आणि पोरींसाठीही. आपले अभ्यासक लिहितात की त्यांचं शैक्षणिक कार्य अमुक आणि कामगार कार्य तमुक. दोन वेगळे परिच्छेद. बिडीवालीच्या पोराला विचाराल तर तो सांगेल, ते एकच काम होतं. ज्या बाईला आकडा वाचता येतो तिच्या वहीत हजाराचे नऊशे करणं सोपं नसतं.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव ऐका नीट: मजूर पक्ष. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या पक्षाची धुरा हरदासांनी वाहिली आणि १९३७ ला नागपूर-कामठीतून ते कायदेमंडळात निवडून गेले. दोन वर्षांत क्षयानं नेलं. त्या काळी क्षयावर नेमकं औषध नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चं. तोवर उपाय म्हणजे चांगली हवा, दूध, अंडी आणि संपूर्ण विश्रांती. आता ज्यानं अख्ख्या जिल्ह्याचं दुखणं अंगावर घेतलं त्याला विश्रांती घे म्हणून कोण सांगणार?

आता गोदीतलं एक सांगतो, कारण माझा मुद्दा तिथं आहे.

गेल्या पावसाळ्यात एका कंत्राटदाराकडे आमची टोळी लोखंडी सळया उतरवत होती. साखळी सरकली. भारा घसरला आणि एका पोराच्या पायावर आला. घोट्यापासून पाय गेला. आम्ही त्याला उचललं, टॅक्सीत घातलं, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी भरपाईचं बोलायला गेलो तर मुकादमानं हजेरीबुक उघडून दाखवलं. त्या दिवशीच्या पानावर त्या पोराचं नाव नाही. तो बदलीवर आलेला, पास दुसऱ्याच्या नावाचा. कागदाच्या हिशेबानं तो त्या दिवशी बंदरात नव्हताच. मग पाय कोणाचा गेला? त्या पानावर ज्याचं नाव होतं तो तर घरी ताप येऊन झोपला होता, त्याचे दोन्ही पाय शाबूत.

तेव्हापासून मी हे सगळे मेलेले पुढारी त्या हजेरीबुकावरून वाचतो. ज्या ज्या माणसानं कामगारांसाठी जीव दिला त्याचं भांडण शेवटी एवढंच होतं की आपलं नाव बुकात लागलं पाहिजे. नाव लागलं की पगाराची तारीख येते, सुट्टी येते, फंड येतो, अपघाताची भरपाई येते. नाव नसेल तर मेलास तरी तू मेलेला नाहीस. लोखंड्यांच्या ५,५०० सह्या म्हणजे ५,५०० नावं. हरदासांची रात्रशाळा म्हणजे आपलं नाव आपल्या हातानं लिहिणं.

मुंबईच्या बंदराला लागून पी. डिमेलो रस्ता आहे. डिमेलोंनी गोदी कामगारांची युनियन उभी केली, तुरुंग भोगला, १९५८ साली चाळिशीच्या आत गेले. त्यांच्यामागून त्या कामात जॉर्ज फर्नांडिस आले. आज त्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. एका ड्रायव्हरला मी विचारलं, डिमेलो कोण? म्हणाला, असेल कोणी गोरा साहेब. रस्त्याच्या पाटीवर डिमेलोंचं नाव मोठ्या अक्षरात आहे, आणि त्याच रस्त्यानं कामावर जाणाऱ्या पोराचं नाव हजेरीत नाही. डिमेलोंना यातलं कुठलं आवडलं असतं?

दत्ता सामंत घ्या. डॉक्टर माणूस. घाटकोपरच्या बाजूला खाणीत दगड फोडणाऱ्या मजुरांवर उपचार करता करता त्यांच्या भांडणात पडला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढ तर मागितलीच, पण मुळाशी एक कायदा होता, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्या कायद्यानं एका उद्योगात एकच युनियन मान्य. कामगार सामंतांच्या मागे, आणि सरकारदरबारी मान्यता भलत्याच युनियनला. म्हणजे पुन्हा तेच: रस्त्यावर अडीच लाख माणूस उभा आहे आणि बुकात त्याची नोंद नाही. १६ जानेवारी १९९७ ला पवईत भर दिवसा गोळ्या घालून सामंतांना मारलं. चार दिवसांनी तारीख येते. आपल्या नागपुरात १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल होती, तिच्याही जागेवर आता मॉल आहे. जा, फिरून या, एसी चांगला आहे.

आता पूर्वेला चला. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलात की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. दुर्गाहून आत खाली दल्ली-राजहरा. तिथल्या खाणीतून भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोखंडाचा दगड जातो. तो दगड हातानं फोडणारे, ट्रकात भरणारे कंत्राटी मजूर, बहुतेक आदिवासी आणि दलित, बाया आणि माणसं. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगींना पुढारी केलं आणि छत्तीसगढ माईन्स श्रमिक संघ काढला. २ जूनच्या रात्री पोलीस नियोगींना उचलून घेऊन गेले. मजुरांनी मागं राहिलेल्या पोलिसांना घेरलं, आमचा माणूस सोडा म्हणाले. रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार. अकरा मेले. त्यात अनसूयाबाई होत्या, सुदामा नावाचं पोर होतं.

पुढं त्या मजुरांनी काय केलं ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम आहे. त्यांच्या युनियनच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात नीट उपचार न मिळाल्यानं गेल्या. गोळी नाही, फास नाही. मजुरांनी तेही मरण आपल्या हुतात्म्यांच्या ओळीत धरलं. स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या अंगमेहनतीनं दवाखाना बांधला आणि ३ जून १९८३ ला, गोळीबाराच्याच तारखेला, उघडला. नाव शहीद हॉस्पिटल. अकरा जणांचं स्मारक म्हणजे खाटा, सलाईन, बाळंतपणाची खोली. तिथं हार सुकत नाही, पेशंट बरा होऊन घरी जातो.

नंतर नियोगी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांकडे गेले. मागणी? कायम करा, किमान वेतन द्या. नाव बुकात लावा. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपलेल्या माणसावर खिडकीतून गोळ्या घातल्या. १ जुलै १९९२ ला भिलाईत रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, सोळा मेले. खुनाच्या खटल्यात १९९७ साली खालच्या कोर्टानं उद्योगपतींनाही दोषी धरलं. हायकोर्टात सगळे सुटले. २००५ साली सुप्रीम कोर्टानं गोळी झाडणाऱ्या एकट्याला जन्मठेप दिली, बाकी सुटलेले सुटलेच. बंदुकीचा घोडा ओढणारा भाड्याचा हात सापडतो. भाडं देणाऱ्याचं नावही कुठल्या बुकात लागत नसतं, आणि ते न लागणं त्याच्या सोयीचं असतं.

असं फक्त इथंच होतं असं नाही. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांसाठी संप केला. सभेत बॉम्ब पडला, कोणी टाकला ते सिद्ध झालं नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ ला चार पुढाऱ्यांना फाशी दिली. १८९३ साली तिथल्या गव्हर्नरनं उरलेल्या तिघांना सोडलं आणि खटलाच अन्यायाचा होता असं लिहून दिलं. लिहून दिलेलं वाचायला ते चौघे नव्हते.

इथपर्यंत ऐकून काही लाल झेंडेवाले मित्र खूश झाले असतील. थांबा राजेहो. १२ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर बाबासाहेबांनी सांगितलं की या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन म्हणाले, एक नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापडखात्यात पगार जास्त होता आणि तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण काय तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, अस्पृश्याची थुंकी लागेल. त्या गिरण्यांत लाल बावट्याची युनियन होती, संपावर संप होत होते, आणि हे चालूच होतं. परवा १० जानेवारी झाली. १९७४ साली त्याच तारखेला परळच्या रस्त्यावर पँथरच्या मोर्च्यावर वरून दगड आला आणि भागवत जाधव मेले. परळ म्हणजे गिरणगावाचं काळीज. मालकांचे बंगले तिथं नव्हते. ज्या वस्तीत कामगार राहतो त्या वस्तीत मोर्च्यावर दगड येतो, तेव्हा दोन शत्रू म्हणजे काय ते डोक्यात शिरतं.

आणि निळ्या झेंड्याच्या मित्रांनो, तुम्हीही फार हसू नका. दोन शत्रूंपैकी दुसरा आपण कधी सोडून दिला? ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांबरोबर मुंबईत संप केला, कारण सरकार कामगाराचा संपाचा हक्क बांधून टाकणारं बिल आणत होतं. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं हाती घेतलं. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा झाला तो त्याच कारकिर्दीत. दीक्षाभूमीवर आपण लाखांनी जातो. त्या लाखांत बिडीवाल्या, सफाईवाले, वीटभट्टीवाले, सिक्युरिटी गार्ड, डिलिव्हरीची पोरं किती असतील? आणि त्यांच्या युनियनची पावती फाडायला आपल्यातला कोण बसतो?

हे आजच का विचारतो ते सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. माझ्या आजीसाठी १९६६ साली झालेला बिडी कामगार कायदा, आणि माझ्यासाठी १९८६ साली झालेला गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा, दोन्ही एकाच संहितेत गुंडाळून संपवले. आजी आणि नातू एकाच खड्ड्यात. कंत्राटी कामगारांचा कायदा पूर्वी वीस माणसांना लागायचा, आता पन्नासांना. म्हणजे एकोणपन्नासांची टोळी करा, झालं काम. संपाला चौदा दिवसांची नोटीस सगळीकडे. तीनशेपेक्षा कमी माणसं असली तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी नको. बिडीवरच्या उपकरातून मजुरांच्या कल्याणाचा फंड यायचा, तो उपकर २०१७ ला जीएसटीबरोबर गेला. ज्या बुकात नाव लावायला माणसं मेली ते बुकच हळूहळू पातळ होत चाललं आहे. आणि आपण हार घेऊन उभे.

मला श्रद्धांजलीचा राग नाही. मेलेल्या माणसाला आठवावं, दोन मिनिटं उभं राहावं. पण मारणाऱ्याला काय पाहिजे होतं तेही लक्षात घ्या. त्याला माणूस थांबवायचा होता, चालत आलेलं काम थांबवायचं होतं. आपण नुसता फोटो लावला तर त्याचंच उरलेलं काम आपण केलं.

म्हणून या सभेत मी फक्त एक मागतो. प्रत्येकानं एक शंभर पानी वही घ्या. तुमच्या गल्लीत रोजंदारीवर, कंत्राटावर, घरबसल्या मजुरीवर काम करणारी माणसं लिहा. नाव, काम, कोणाकडे, किती वर्षं, मजुरी किती, पासवर नाव कोणाचं. बाईचं नाव तिच्या नवऱ्याच्या नावाखाली दाबू नका, वेगळ्या ओळीत लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याला त्याच जागी सही शिकवा, घाई करू नका, अर्धा तास लागतो. दहा गल्ल्यांच्या दहा वह्या एकत्र आल्या की युनियनची नोंदणी मागायला जाऊ. मी सुट्टी टाकून येईन, माझी सुट्टी बिनपगारी असते, चालेल.

पुढच्या १२ जानेवारीला कामठीला येताना हार आणू नका. ती वही आणा. बाबू हरदासांसमोर उभं राहून आपण त्यातली नावं मोठ्यानं वाचू, एकेक करून, जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे.

जयभीम.